सल्ला कुणाचा, प्रश्न कुणाचा?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)

पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय, मी तो सोपा करून सांगतो. नव्यानं लिहिणाऱ्या माणसाला चारी बाजूंनी सल्ले मिळतात आणि ते सल्ले आपसात भांडत असतात. एक म्हणतो, रोज लिही. दुसरा म्हणतो, आतून आल्याशिवाय पेन उचलू नको. एक म्हणतो, लवकर छाप, लोकांना नाव कळू दे. दुसरा म्हणतो, दहा वर्षं थांब. कुणी सांगतं प्रमाण भाषेत लिही, कुणी सांगतं बोली सोडलीस तर तू संपलास. पुस्तक काढायची वेळ आली की एक म्हणतो थोडे पैसे घालावेच लागतात, दुसरा म्हणतो एक रुपया देऊ नको. मग त्या बिचाऱ्यानं करायचं काय?

आपल्याकडे याला तयार उत्तर आहे : ऐकावे जनाचे, करावे मनाचे. म्हण चांगली आहे, पण नवशिक्याचा घोटाळा तिनं मिटत नाही. त्याचं लिहिणारं मन अजून घडतंय. मनाचं करायचं म्हणजे नेमकं काय, हेच तर त्याला विचारायचं असतं.

मी आज एवढंच सुचवणार आहे, की सल्ला हा एक मजकूर आहे असं धरून तो वाचा. कथा वाचताना आपण विचारतो ना, कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कोणत्या परिस्थितीत बोलतंय? तेच सल्ल्याला विचारा. प्रत्येक सल्ला हे कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं. तो प्रश्न तुमचा आहे की नाही, हे आधी बघायचं. आणि दुसरी गोष्ट, लेखनाचा सल्ला आणि व्यवहाराचा सल्ला ही दोन खाती वेगळी ठेवायची. लेखनात दोन उलट उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. व्यवहारात सहसा तसं नसतं.

ही दोन खाती मराठीत जुनीच आहेत. रामदासांच्या ‘दासबोधा’त एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आहे, लेखनक्रियानिरूपण. त्यात अक्षर कसं असावं, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, शाई, लेखणी, कागद, सगळं आलंय. पोथी लिहून काढणाऱ्याला दिलेला तो सल्ला आहे. ओळ सरळ आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, त्यात वाद नाही. त्याच ग्रंथात चौदाव्या दशकात कवित्वकलेचा समास आहे. तिथे मात्र रामदास मापं देत नाहीत, प्रकार सांगतात : मनाला येईल ते रेटून केलेलं धीट कवित्व, पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखं केलेलं धीटपाठ, आणि प्रासादिक. म्हणजे एकाच माणसानं लेखनिकाला एका रीतीनं सांगितलं आणि कवीला दुसऱ्या रीतीनं. आपण हल्ली दोन्ही एकाच सुरात सांगतो. समासात जागा किती सोडायची हे जेवढ्या ठामपणे सांगावं, तेवढ्याच ठामपणे कादंबरीचा शेवट कसा असावा हेही सांगतो.

आता आपल्याच भाषेतलं एक मोठं भांडण घेऊ. समजा, साठच्या दशकाचा उत्तरार्ध आहे आणि तुम्ही कविता लिहिताय. तुमच्यासमोर ‘सत्यकथा’ आहे. मौजेचं मासिक, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक. त्यांची ख्याती अशी, की साहित्य बारकाईनं वाचायचं, कुठे सैल आहे ते कळवायचं आणि लेखकाकडून पुन्हा लिहून घ्यायचं. त्या दाराचा सल्ला : घाई करू नका, पुन्हा लिहा. आणि तुमच्या दुसऱ्या बाजूला लघुअनियतकालिकांवाले आहेत. ‘शब्द’ १९५४ च्या सुमारास निघून गेलेलं, मग ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’. त्यांचा सल्ला : त्या दारात उभे राहू नका. चक्रमुद्रित करा, स्वतः छापा, स्वतः वाटा. हे भांडण पुढे इतकं पेटलं, की १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी झाली.

कोण बरोबर होतं? आज साठ वर्षांनी दोन्ही बाजूंची पुस्तकं आपल्या कपाटात शेजारी शेजारी उभी आहेत. त्यामुळे बाजू घेण्याऐवजी, कोणता सल्ला कुणाच्या कामाचा होता ते बघू. ज्याचा अनुभव रूढ कथेच्या चौकटीत बसत होता, पण बांधणी सैल पडत होती, त्याला ‘पुन्हा लिहा’ हे वरदान होतं. एवढ्या काळजीनं वाचणारा माणूस मिळणं ही आजही दुर्मीळ गोष्ट आहे. पण ज्याचा अनुभवच त्या चौकटीत मावत नव्हता, त्याला तोच सल्ला कापून काढणारा ठरला असता. बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आलं. नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये. ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर तेव्हा नावाजलेले, कवी तेविशीतला. त्या प्रस्तावनेमुळे कवितेतले शब्द सभ्य झाले नाहीत, त्या वस्तीतले शब्द जसेच्या तसे पुस्तकात गेले. ज्येष्ठ माणूस नव्याला अशीही मदत करू शकतो, की ‘हे मला परकं आहे’ म्हणजे ‘हे चूक आहे’ असं तो मानत नाही. तुमच्याकडे सल्ला देणारा येईल तेव्हा एवढं ताडून बघा. त्याला तुमचं लिखाण कळलं नाही म्हणून तो बदल सुचवतोय, की कळलं म्हणून?

दुसरं भांडण, लवकर छापावं की थांबावं. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची, तेव्हा ते पंचविशीत होते. ती दोन-तीन आठवड्यांत लिहून झाली असंही सांगतात, आणि मग घाई करणारे सगळे ‘कोसला’चा दाखला देतात. उलट, अरुण कोलटकर पन्नासच्या दशकापासून लिहीत होते. त्यांचा पहिला मराठी संग्रह, ‘अरुण कोलटकरच्या कविता’, प्रास प्रकाशनानं काढला तो १९७७ मध्ये, कवी चाळिशी ओलांडून गेल्यावर. त्यानंतरचे मराठी संग्रह यायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली. आणि बहिणाबाईंचं तर पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ आली.

यातून नियम काय काढणार? काढू नका. ‘थांब’ हे घाई करणाऱ्यासाठी औषध आहे आणि घाबरणाऱ्यासाठी विष. दहा वर्षं एकच कादंबरी ड्रॉवरमध्ये ठेवून ‘अजून जरा हात फिरवतोय’ म्हणणारा माणूस कोलटकरांचं नाव घेतो, तेव्हा त्यानं स्वतःला विचारावं, की या दहा वर्षांत मी नवं काय लिहिलं? कोलटकर छापत नव्हते, लिहीत मात्र होते. आणि महिन्याला एक संग्रह तयार करणाऱ्यानं विचारावं, की गेल्या वर्षी लिहिलेलं मला आज वाचवतं का? म्हणजे सल्ला निवडण्याआधी स्वतःची प्रकृती ओळखायची. आपल्या प्रकृतीला गोड लागणारा सल्ला बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणासाठी असतो.

तिसरं, भाषेचं भांडण. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे नव्या लेखकाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. बीडचा, जळगावचा, गडचिरोलीचा मुलगा किंवा मुलगी लिहायला बसते, तेव्हा तिला आधी शाळा सांगते की तुझी भाषा अशुद्ध आहे. मग साहित्याच्या कार्यक्रमात कुणीतरी सांगतं, की बोलीत लिही, सध्या त्याला मागणी आहे. पहिल्या सल्ल्यानं ती गप्प बसते. दुसऱ्यानं ती वेशभूषा करून उभी राहते. दोन्हीत तिचं लिखाण बाजूलाच राहतं.

दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५. निवेदन बहुतांशी प्रमाण भाषेत आणि माणसं बोलतात ती माणदेशी. आनंद यादवांची ‘गोतावळा’, १९७१. तिथे सगळं निवेदनच बोलीत. आता यातली कोणती रीत खरी ग्रामीण? हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘बनगरवाडी’त सांगणारा हा त्या वाडीत बाहेरून आलेला शाळामास्तर आहे. तो वाडीकडे बघतो, हळूहळू तिच्यात मिसळतो आणि शेवटी तिथून निघतो. त्याचं अंतर त्याच्या भाषेत आहे. ‘गोतावळा’त सांगणारा शेतावरचा गडी आहे. जनावरं, झाडं, माती हाच त्याचा गोतावळा, आणि ट्रॅक्टर आला की तो मोडणार आहे. तो प्रमाण भाषेत बोलला असता तर ते जग त्याचं राहिलंच नसतं. दोघांनीही भाषा ठरवली ती ‘सांगतंय कोण’ यावरून. ‘बोली की प्रमाण’ या वादात तुम्हाला कुणी ओढलं, तर एवढंच विचारा, की माझ्या गोष्टीत सांगतंय कोण? तो वाद पुष्कळदा तिथेच संपतो.

इथेच आणखी एक गोष्ट सांगतो. गाजलेल्या पुस्तकाचं वरवरचं लक्षण उचललं, की त्याचा नुस्खा होतो. ‘कोसला’नंतर किती वर्षं मराठीतले नायक गावाकडून पुण्याला येऊन कंटाळत होते, आणि प्रत्येक वाक्यात उदाहरणार्थ, वगैरे वगैरे. (हशा) नेमाड्यांनीच पुढे ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हा लेख लिहिला. पण लेखकरावांच्या विरुद्ध लिहिणाऱ्याच्याही मागे एक रांग लागली. रामदासांनी ज्याला धीटपाठ म्हटलं, ते हेच.

चौथं म्हणजे आयात केलेले सल्ले. इंग्रजीतली लेखनाची पुस्तकं, व्हिडिओ, त्यांची भाषांतरं. त्यांत चांगलं पुष्कळ आहे, पण तीन सल्ले मराठीत आणताना तपासा. पहिला, वाक्यं कर्तरीच ठेवा, कर्मणी टाळा. अहो, ‘आईनं भाकरी भाजली’ हे आपल्या व्याकरणात कर्मणीच आहे. भाकऱ्या झाल्या तर ‘भाजल्या’ होतं, क्रियापद भाकरीच्या मागे जातं. भूतकाळात तो आपला साधा, घरगुती प्रयोग आहे. हा सल्ला तंतोतंत पाळला तर मराठीत गोष्टच सांगता येणार नाही. दुसरा, क्रियाविशेषणं काढून टाका. इंग्रजीत पावसाच्या प्रत्येक तऱ्हेला बहुधा निराळं क्रियापद मिळतं. आपल्याकडे पाऊस बहुतेक वेळा ‘पडतो’च, पण रिपरिप पडतो, भुरभुर पडतो, धो धो पडतो. तो शब्द काढला तर पावसाची जातच गेली. तिसरा, सांगू नका, दाखवा. ‘तो फार दुःखी झाला’ असं लिहून मोकळं होणाऱ्याला हा सल्ला जरूर द्यावा. पण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडा. सांगण्याची मजा काय असते ते तिथे कळतं. कीर्तनापासून आपली परंपरा सांगणाऱ्याच्या आवाजावर उभी आहे. सल्ला वाईट नाही, फक्त तो दुसऱ्या भाषेच्या दुखण्यावरचा आहे.

आता दुसरं खातं, व्यवहाराचं. इथे माझा सूर बदलेल, कारण इथे ‘दोघंही बरोबर’ असं म्हणून चालत नाही. ‘पैसे घाला’ आणि ‘पैसे घालू नका’ हा रुचीचा वाद नाही. विचारायचं ते असं : पैसे कुणाचे आणि हक्क कुणाचे? लघुअनियतकालिकं पदरमोड करूनच निघाली. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउसनं काढली, ती कवींनीच मिळून चालवलेली संस्था होती. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीनं काढलं, तिथे वाचकांची चळवळ मागे उभी होती. तेव्हा स्वतःचे पैसे घालण्यात कमीपणा काही नाही. पण पैसे तुम्ही घातलेत तर प्रकाशक तुम्ही आहात. प्रती तुमच्या, हक्क तुमचे, समोरचा माणूस छपाई-मांडणीचं काम करून देणारा. पैसेही तुमचे, आणि करारात सगळे हक्क मात्र त्याचे, वर शंभर प्रती तुम्हीच विकत घ्यायच्या, हे स्वयंप्रकाशनही नाही आणि प्रकाशनही नाही. तिथे सही करू नका.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ लेखनाचा हक्क लिहिताक्षणी लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, हे लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. घेणाऱ्यानं ते हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते परत येतात. आयएसबीएन आपल्या देशात मोफत मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागत असेल तर कशाचे ते विचारा. मानधन किती टक्के आणि ते छापील किमतीवर की सवलत वजा करून, हिशेब वर्षातून कितीदा, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क वेगळे लिहिलेत का, हे विचारताना लाजू नका. आणि पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना असते, तिचे नियम वाचून घ्या. कर्ज काढून कवितासंग्रह काढण्याआधी तरी नक्की.

मी हे एवढ्या जोरानं का सांगतोय? सल्ला चुकला तर भरपाई कोण करतं, ते बघा. ‘कादंबरीचा शेवट बदल’ हा सल्ला चुकला तर जुना खर्डा तुमच्याकडे असतो. ‘दे सही करून, सगळे असंच करतात’ हा चुकला तर पैसे जातात, पुस्तक जातं आणि बऱ्याचदा लिहिण्याची हौसही जाते. सल्ला देणाऱ्याचं काहीच जात नाही. म्हणून जिथे चूक दुरुस्त होते तिथे धाडसानं प्रयोग करा, जिथे होत नाही तिथे कागद वाचा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी कथा तीन मित्रांना वाचायला दिली. तिघांनी तीन वेगळ्या दुरुस्त्या सांगितल्या. कुणाची घेऊ?

उत्तर : दुरुस्त्या बाजूला ठेवा आणि ते कुठे अडखळले तेवढं विचारा. पुष्कळदा असं निघतं, की तिघंही एकाच पानावर अडखळलेत, फक्त उपाय तीन सांगतायत. पेशंटला दुखतंय हे खरंच असतं, औषध मात्र त्यानं सांगितलेलं घ्यायचं असं नाही. ते पान तुम्ही तुमच्या पद्धतीनं पुन्हा लिहा. आणि तिघं तीन वेगळ्या जागी अडखळले असतील, तर निदान महिनाभर कथा बाजूला ठेवून स्वतः मोठ्यानं वाचा.

प्रश्न : प्रकाशक उत्तरच देत नाहीत. किती थांबायचं?

उत्तर : पाठवतानाच एक तारीख लिहून द्या, की अमुक दिवसापर्यंत कळवावं, नाहीतर मी दुसरीकडे पाठवेन. यात उद्धटपणा काही नाही. तारीख उलटली की एकदा आठवण करा आणि पुढे जा. उत्तर न येणं हा तुमच्या लेखनावरचा अभिप्राय नाही. पुष्कळदा पाकीट उघडलेलंच नसतं.

प्रश्न : सर, पण हेही सगळे सल्लेच झाले ना? (हशा)

उत्तर : झालेच. मग मलाही तेच प्रश्न विचारा. मी समीक्षक आहे, छापून आलेली पुस्तकं वाचतो. त्यामुळे आज मी जी नावं घेतली, ती सगळी टिकलेल्यांची आहेत. लवकर छापून विसरले गेलेले, थांबता थांबता लिहिणंच सुटलेले, भाषेला नावं ठेवली म्हणून वही बंद केलेले, यांची पुस्तकं माझ्या कपाटात नाहीत, म्हणून त्यांची उदाहरणं मी देऊ शकलो नाही. माझ्या बोलण्यात एवढी फट आहे, ती धरून चाला. आणि तुमच्या ओळखीत असं वही बंद केलेलं कुणी असेल, तर ती वही एकदा वाचायला मागा. वाचल्यावर लगेच सल्ला मात्र देऊ नका.